हेडबाईंची बदली

तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीच्या बुटाची नाडी सुटलेली आहे, हे मास्तरांना जिन्याच्या पहिल्याच वळणावर दिसलं होतं. लिफ्ट बंद होती. मुलगी पुढे, मास्तर दोन पायऱ्या मागे. नाडीचं पांढरं टोक दर पायरीवर टपकन आपटत तिच्याबरोबर खाली उतरत होतं आणि मास्तर मोठ्या गोडीने ते बघत होते. आता हिच्या लक्षात येईल. थांबेल, दप्तर पुढे घसरू नये म्हणून एक हात मागे धरेल, वाकेल आणि नाडीचे दोन कान करून बांधेल. अडतीस वर्षं पहिली-दुसरीच्या वर्गांवर काढल्यामुळे मूल स्वतःच्या चुकीपाशी पोचायच्या आधीचा हा क्षण त्यांच्या चांगल्या ओळखीचा होता. तो मोडायचा नाही, असा त्यांचा साधा नियम. मुलगी पाच पायऱ्या घसरली. रडली नाही, नुसती बसून राहिली आणि हनुवटीला लावलेला हात काढून बघितला तर तो लाल होता. वरून तिची आई धावत आली. तिने रुमालाने हनुवटी दाबली, दात मोजल्यासारखे तपासले आणि मग मास्तरांकडे वळून अगदी शांतपणे विचारलं, तुम्ही मागेच होतात ना, नाडी दिसली नाही का. मास्तर खोटं बोलले नाहीत. दिसली होती, म्हणाले. आई त्यांच्याकडे बघत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं. "मग सांगायचं ना, मास्तर," एवढंच ती म्हणाली आणि मुलीला कडेवर घेऊन वर गेली. एवढ्या मोठ्या मुलीला कडेवर घेतल्यामुळे तिचे पाय लोंबत होते आणि नाडी अजून सुटलेलीच होती.

मास्तर भाजीची रिकामी पिशवी मांडीवर घेऊन तिथेच पायरीवर बसले. जिन्यात फिनेलचा वास होता. त्यांच्या पाठीवर, उजव्या खांद्याच्या जरा खाली, काहीतरी जड आणि ऊबदार ठेवल्यासारखं त्यांना वाटलं. जिन्यात कोणीच नव्हतं. पण हे वजन कशाचं ते त्यांना लगेच कळलं, कारण गेले अठरा दिवस ते टाळत होते ते हेच. ती हेडबाईंची हनुवटी होती.

हेडबाई म्हणजे गाय. शहरापासून बसने तीन तासांवर मास्तरांच्या मुलीची दोन एकर जागा आहे, तिथे ती राहते. नाव मुलीनेच ठेवलं. गाय गोठ्याच्या दारात उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे असं बघायची की उशिरा आलेल्या माणसाला आपण उशिरा आल्याचं कळावं. शाळेत मास्तरांनी वीस वर्षं ज्या हेडबाईंच्या हाताखाली काढली त्या अगदी अशाच बघायच्या, हे मुलीला लहानपणापासून पाठ होतं. तिला, म्हणजे मुलीला, घरात सगळे ठकी म्हणतात. ठकी शहरात नकाशे काढायची नोकरी करत होती. ती सोडून सहा मेंढ्या आणि एक गाय घेऊन जाऊन राहिली तेव्हा आईने आठ दिवस अबोला धरला. मास्तर मात्र मनातून हरखले होते. चाळिशीच्या उंबरठ्यावर आपली मुलगी पुन्हा पहिलीत बसली आहे आणि तिच्यापुढे सगळंच शिकायचं आहे, असं त्यांना वाटलं. गाईचं त्यांना थोडंफार कळत होतं. त्यांच्या लहानपणी घरात गाय होती आणि वडिलांनी तिच्याविषयी सगळं ओरडून ओरडून सांगितलेलं होतं. वडिलांची शिकवण्याची रीतच तशी. मान धरून चेहरा तिकडे वळवायचा आणि म्हणायचं, बघ, मागून लोंबणारी ही चिकट तार बघ, काचेसारखी आहे की नाही, हा सोट, म्हणजे गाय माजावर आली. आजच वळूकडे न्यायची, उद्या नेलीस तर फुकट. त्या मानेवरच्या बोटांचा त्यांना इतका तिटकारा आला होता, की आपण कुठल्याही पोराची मान अशी वळवायची नाही, हे त्यांनी शिक्षक व्हायच्या कितीतरी आधी ठरवून टाकलं होतं.

हेडबाई व्यायल्याला सव्वा वर्ष झालं होतं. दोनदा डॉक्टर येऊन कृत्रिम रेतन करून गेला आणि दोन्ही वेळा ती उलटली, गाभण राहिली नाही. त्यानंतर चार महिने, माजाच्या तारखा लिहायच्या ठकीच्या वहीत काही नव्हतंच. डॉक्टरने आतून तपासलं. सगळं ठीक आहे, म्हणाला, पण तुम्हाला माज दिसला आणि तुम्ही त्याच दिवशी फोन केलात तर माझा उपयोग, नाहीतर मी येऊन काय हिच्याशी गप्पा मारू? काही गाई मुक्या माजाच्या असतात, एकटी गाय असली की समजत नाही, कळपात इतर गाई ओळखतात. तेव्हापासून जावयाच्या डोक्यात गाय तिथल्या एका मोठ्या गोठेवाल्याला द्यायचं आलं होतं. गोठेवाल्याकडे चाळीस गाई. त्याला असली दुधाळ जात हवी होती आणि तो बदल्यात एक गाभण कालवड द्यायला तयार होता. जावई हसून म्हणायचा, हेडबाईंची बदली करू या, मोठ्या शाळेत जातील. ठकी हसायची नाही. गाय आटत चालली होती, आणि दूध आटलं तर घराचं जेमतेम भागलं असतं पण बाटलीवरच्या दोन कोकरांचं काय. पण तेवढ्याचसाठी ती गप्प नव्हती. पहिल्या थंडीत, ठकीला अजून काहीच येत नव्हतं तेव्हा, दूध काढताना हात आखडले की ती गाईच्या कुशीत कपाळ टेकून रडायची, आणि गाय तोवर पाय न हलवता उभी राहायची. हे तिने एकदाच आणि फक्त बाबांना सांगितलं होतं.

अठरा दिवसांपूर्वी मास्तर तिथे गेले होते तो रविवार. सकाळपासून एका मेंढीचं नाटक चाललं होतं. तिला आदल्या दिवशी दोन कोकरं झाली होती. एकाला ती पाजत होती आणि दुसरं जवळ आलं की डोक्याने ढकलून भिंतीवर आपटत होती. ठकीने मेंढीचं डोकं दोन फळ्यांच्या मधे अडकवलं, नकोशा कोकराचं तोंड सडापर्यंत नेलं, तर ते चोखायच्या ऐवजी मागे वळून ठकीचीच करंगळी चोखायचं. दोन तास झाले. मास्तर बादली पालथी घालून तिच्यावर बसले होते. मेंढ्यांतलं त्यांना काही कळत नव्हतं, त्यामुळे गप्प राहायला त्रासही नव्हता. मधेच ठकी थांबली. तिने पाजणारं कोकरू उचललं, त्याच्या शेपटीखाली नाक नेलं. मग दुसरं उचलून त्याचं हुंगलं. आणि केसांत गवत अडकलेली, गुडघ्यांवर बसलेली त्यांची मुलगी म्हणाली, "बाबा, ह्याला साबणाचा वास येतोय. हे मातीत पडलं होतं म्हणून काल मीच धुतलं." आईने वासावरून ओळखायचं ते मूल हिने चकचकीत करून तिच्यापुढे ठेवलं होतं. ठकीने मेंढीचं दूध पिळून कोकराच्या पाठीला, शेपटीला, सगळीकडे चोळलं, थोडं तिच्या नाकाला पुसलं. मेंढी हुंगत राहिली. किती वेळ हुंगत राहिली. मग घशातल्या घशात एक बारीक घरघर केली, जशी ती फक्त आपल्या पोरासाठी करते, आणि कोकराच्या शेपटीची जी काही थरथर सुरू झाली, ती बघून मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. कोणी सांगितलं नव्हतं. तिचं तिने शोधलं होतं. त्यांना वाटलं, बस, ह्यासाठी माणसाने गप्प बसावं.

ह्या आनंदातच ते कुंपणापाशी जाऊन पाठमोरे उभे राहिले, तेव्हा मागून हेडबाई आली आणि तिने हनुवटी त्यांच्या पाठीवर ठेवली. नुसती ठेवली नाही, रेटली. मास्तर दोन पावलं पुढे गेले. ती पुन्हा आली, पुन्हा ठेवली. एरवी ही गाय कोणाच्या अंगाला अंग लावून घ्यायची नाही. मास्तरांनी वळून बघितलं. कान उभे, डोळे पाणीदार, सारखी इकडून तिकडे. शेपटी बाजूला. आणि मांडीवरून खाली उतरलेली ती तार, उन्हात काचेसारखी चमकणारी. साठ वर्षांनी त्यांच्या मानेवर बोटं रुतली. ठकी दहा हातांवर होती. कोकराला मांडीवर घेऊन बसली होती आणि तिने मान वर करून इकडे बघितलंही होतं. मास्तरांनी आपला चेहरा सांभाळला. अगदी कोरा ठेवला, वर्गात ठेवायचे तसा. हिला दिसेल. अकरा वाजले आहेत, संध्याकाळपर्यंत वेळ आहे. सकाळी तिने एवढं मोठं शोधलं, आता हेही शोधेल, एका दिवसात दोन. जेवताना गाय दोनदा हंबरली. ठकी म्हणाली, हिला पाणी ठेवायचं राहिलं वाटतं, आणि उठून पाणी ठेवून आली. मास्तर पानावर मान घालून बसले. दुपार गेली. संध्याकाळी मुलगी दमून भिंतीला टेकून झोपून गेली होती, तिला उठवून आता सांगायचं म्हणजे दिवसभर मला दिसत होतं हेही सांगायचं. सोमवारी सकाळी गाय पुन्हा हेडबाई झाली होती, दारात उभी, लांब. मास्तर दहाच्या बसने परत आले.

जिन्यातून ते घरी आले ते भाजी न घेताच. बायको दाराशी उभी होती. पडण्याची बातमी त्यांच्या आधी पोचली होती. तिने पिशवी घेतली, रिकामी बघून घडी घालून ठेवली. मग पाण्याचा पेला पुढे ठेवत म्हणाली, ठकीचा फोन आला होता, परवा शनिवारी गोठेवाला टेम्पो घेऊन येतोय, गाय नेणार. तुम्हाला सांगू नको म्हणाली, वाईट वाटेल तुम्हाला. मास्तरांनी पेला हातात धरून ठेवला. मग त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. हनुवटीपासून तारेपर्यंत आणि पानावर घातलेल्या मानेपर्यंत. सांगताना आपल्याच आवाजात त्यांना कोणीतरी सबबी सांगणारा मुलगा ऐकू आला. ती शिकत होती, म्हणाले. एखाद्याला स्वतःहून सापडलं की ते जन्मभर राहतं. ठकीला घड्याळ कसं आलं आठवतंय ना. चाळीस दिवस मी एक शब्द बोललो नाही, नुसतं भिंतीवर घड्याळ लावून ठेवलं, आणि एक दिवस आली आणि म्हणाली, बाबा, पावणेपाच. हे ते शिक्षकांच्या शिबिरांत सांगायचे, निरोपाच्या समारंभातही सांगितलं होतं.

बायको समोरच्या खुर्चीत बसली. पदराने ओला हात पुसत राहिली, पुसून झाल्यावरही. "अहो, घड्याळ मी शिकवलं तिला," ती म्हणाली. "एका दुपारी. कणकेचं करून. रडकुंडीला आली होती पोरगी, म्हणाली बाबा रोज बघतात मला येतंय का आणि मला येत नाही. मग आम्ही ठरवलं की तुम्हाला सांगायचं नाही."

रस्त्यावरून कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मास्तरांना पहिल्यांदा आश्चर्य वाटलं ते ह्याचं, की तीस वर्षांत ह्या दोघींपैकी एकीच्याही तोंडून हे कधी निसटलं नाही. निरोपाच्या समारंभात ते सांगत होते तेव्हा ही पहिल्या रांगेत बसलेली होती. मग हळूहळू ती दुपार त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहायला लागली. ते शाळेत असताना घरात घडलेली, कणकेची, त्यांच्यावाचूनची. कणकेच्या गोळीचा तासकाटा. ठकीचे चिकट हात. आईचं म्हणणं, हा छोटा हळू जातो, लठ्ठ आहे ना. आणि मुलगी हसते आहे. ते जिथे नव्हते तिथे ती हसते आहे. आणि मग बाकीचे एकोणचाळीस दिवस, जेव्हा ते तिच्याकडे प्रेमाने बघत होते, खरोखरच प्रेमाने, आणि ते प्रेम तिला परीक्षेसारखं लागत होतं. वर्गातले चेहरे आठवायला लागले. त्या सगळ्यांच्या घरी कणीक असेल का? असेल, काहींच्या. ज्यांच्या नसेल ते शेवटच्या बाकावर बसले, आणि त्यांच्याविषयी मास्तर मोठ्या मायेने म्हणायचे, वेळ लागेल, पण येईल. त्यांना बायकोचा राग यावा असं वाटत होतं. पण समोर बसलेल्या ह्या बाईने तीस वर्षं त्यांची एक गोष्ट जपून ठेवली होती, आणि ती आज सांगितली तीही टोमणा म्हणून नाही. अठरा दिवस, ते म्हणाले. रविवारी एकवीस होतात, तेव्हा ती पुन्हा माजावर यायला हवी. बायकोने बोटांवर मोजलं आणि म्हणाली, मग बसून काय राहिलात, सकाळची बस घ्या. फोनवर सांगू नका हे. तोंडावर सांगा.

शुक्रवारी ते पोचले तेव्हा ठकी दोन बाटल्या दोन हातांत आणि दोन कोकरं दोन गुडघ्यांशी अशी बसली होती. कोकरं बाटलीला इतक्या जोराने धक्के देत होती की ती सबंध हलत होती. बाबांना बघून ती चकित झाली आणि मग ओशाळली. आईने सांगितलंच ना, म्हणाली. मास्तरांनी बसमध्ये तीन तास वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवलं नाही. उभ्याउभ्याच त्यांनी सांगितलं की मागच्या खेपेला रविवारी अकरा वाजता हेडबाई माजावर होती, मी बघितलं, आणि तुला सापडावं म्हणून मी बोललो नाही.

ठकीने बाटली सोडली नाही. एका कोकराचं दूध संपलं होतं, ते रिकामं चोखत होतं आणि चोखण्याचा आवाज येत होता.

"मला दिसलं होतं, बाबा," ती म्हणाली. "तिने तुमच्या पाठीवर हनुवटी ठेवलेली. मला वाटलंच. मी तुमच्याकडे बघितलं तर तुमच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. म्हटलं, बाबांना गाईंतलं कळतं, असतं तर बोलले असते. म्हणजे माझंच चुकतंय."

ह्यावर मास्तरांना बसावंसं वाटलं, पण बादली पलीकडे होती. ठकीने ती पायाने त्यांच्याकडे ढकलली. पुढे ती जे बोलली ते कोकरांकडे बघत बोलली. लहानपणी उत्तर बरोबर आलं की तुम्ही हसायचात आणि चुकलं की चेहरा असा कोरा करायचात, तुम्हाला वाटायचं कळत नाही. आम्हाला सगळ्यांना कळायचं. तुमच्या वर्गात आम्ही फळ्याकडे बघायचोच कुठे. तिच्या बोलण्यात राग नव्हता, एक जुनी गंमत सांगावी तसं ती सांगत होती. मास्तरांच्या मनात आलं, आपण अडतीस वर्षं गप्प होतो असं आपल्याला वाटत होतं, आणि पोरं आपला चेहरा सबंध तास मोठ्याने वाचत होती. चुकलं माझं, ते म्हणाले. हो, ठकी म्हणाली, चुकलं तुमचं, आणि त्यांच्या मांडीवर एक कोकरू ठेवून फोन करायला उठली.

गोठेवाला चांगला माणूस होता पण त्यालाही कालवडीला गिऱ्हाईक होतं. सोमवार दुपारपर्यंत थांबतो, म्हणाला, मग टेम्पो येईल, गाय तयार ठेवा, नाहीतर विषय संपला. जावई म्हणाला, एकवीस दिवसांचं गणित आहे ना, दोन दिवस इकडेतिकडे. मग त्या दोन एकरांत असा पहारा सुरू झाला की हेडबाईंना स्वतःचीच तपासणी आल्यासारखं वाटलं असावं. मास्तरांनी तर ताळतंत्रच सोडलं. तोंड उघडायचं म्हणजे किती उघडायचं ह्याची त्यांना सवय नव्हती. गाईने कान हलवला की, ठके, कान बघ. शेपटी उडवली की, ठके, शेपटी. शनिवारी दुपारी ती हंबरली तेव्हा ते अनवाणी धावत गेले आणि ओरडून सगळ्यांना गोळा केलं. ठकी बघून म्हणाली, बाबा, गोमाशी आहे. जावई मागे वळून हसला. रविवारी दर तासाला एक अशा बातम्या येत राहिल्या, आणि ठकी दर वेळी हातातलं टाकून आली, बघितलं, आणि नाही म्हणाली. तिचं नाही स्वच्छ होतं. ते ऐकायला मास्तरांना चांगलं वाटत होतं, आणि त्याच वेळी एकविसावा दिवस हातातून निघून चालला होता. संध्याकाळी गाय रवंथ करत बसून राहिली, अगदी निवांत, जणू शाळा सुटली. ठकीने तिच्या गळ्याला खाजवलं. खूप वेळ खाजवलं. तिला घेऊन जातील तेव्हा मी मेंढ्यांकडे असेन, तुम्ही बाहेर उभे राहा, असं ती नवऱ्याला म्हणाली.

सोमवारी सकाळी मास्तरांनी मुद्दाम गोठ्याकडे जायचं टाळलं. मांडीवर कोकरू घेऊन ते ओट्यावर बसले. साबणवालं कोकरू, आता चांगलं दांडगं झालेलं. त्याचं कपाळ कठीण लागत होतं, आत कुठेतरी शिंगं वाट बघत असल्यासारखं. नऊ वाजले. ठकी बादली घेऊन गोठ्यातून बाहेर आली, चालत चालत थांबली, बादलीत बघितलं. परत आत गेली. आतून काही आवाज आला नाही. मग ती दारात आली, आणि लहानपणी वही घेऊन टेबलापाशी यायची तशी जरा बाजूने येऊन उभी राहिली.

"आज निम्मंच दूध दिलं तिने," म्हणाली. "चोरतेय. आणि तार आहे. बारीकच आहे, पण आहे. बाबा, मला वाटतं..."

तिने त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. सवयीने. मास्तर उठून गोठ्यात गेले, वाकून बघितलं, आणि तिथूनच, वळायच्या आधीच, म्हणाले, हो. माजावर आहे. बरोबर आहे तुझं, डॉक्टरला फोन कर. शब्द इतके भराभर आले की ठकीचं वाक्य अर्धंच राहिलं. मग तिने फोन कानाला लावला, डॉक्टरशी बोलली, दुपारच्या आत येतो म्हणाला तो, आणि त्यानंतर लगेच गोठेवाल्याला लावला. टेम्पो नको, एवढंच त्याला सांगितलं. कालवड गेली तर जाऊ दे, म्हणाली. तोवर मास्तरांनी गाईला मोकळी जागा करून दिली होती आणि पाण्याचं भांडं भरायला घेतलं होतं.

ठकी येऊन त्यांच्या शेजारी उभी राहिली. फोन अजून हातातच होता, पदराच्या टोकासारखी ती त्याची कड चाळवत होती. तिने हळूच विचारलं, "बाबा, राहील ना ह्या खेपेला?"

मास्तरांनी तिच्याकडे पूर्ण तोंड वळवलं, तिला नीट दिसेल असं.

"मला माहीत नाही गं," ते म्हणाले. "मलाही भीती वाटतेय."

ठकीने मान हलवली, भांड्याची दुसरी कड धरली आणि दोघांनी मिळून ते हेडबाईंच्या पुढ्यात नेऊन ठेवलं.